उजवीकडून उघडलेली वही

सोळा मार्च १९७५, रविवार. तुरी भरडायचं काम काढलं होतं. तेलपाणी लावून माळवदावर चार दिवस वाळवलेल्या तुरी मी सकाळीच खाली आणल्या, जातं पुसलं, खाली गोणपाट अंथरलं आणि खुंट्याच्या एका बाजूला सासूबाईंना बसवून दुसऱ्या बाजूला मी बसले. तारीख इतकी पक्की ठाऊक आहे, कारण त्याच दुपारी मी एका चाळीसपानी वहीच्या पहिल्या पानावर ती घातली. शिक्षिकेची सवय. कोऱ्या पानावर आधी तारीख, मग मजकूर.

बारावफात दहा दिवसांवर आली होती. पैगंबरसाहेबांच्या जन्माचा हा महिना. आमच्या जिंतूरच्या गल्लीत या महिन्यात बायकांची मिलाद घरोघर होत असे. पुरुषांची मशिदीत, बायकांची दुपारी, कामं आवरल्यावर, दाराला पडदा टाकून. खाली पांढरी चादर, कोपऱ्यात उदबत्त्या, मधे एक बुटकी चौकी. चौकीवर बसणारी बाई हुजूरांच्या जन्माची हकीकत थोडी थोडी वाचते आणि मधे मधे नात म्हणते. नात म्हणजे हुजूरांच्या स्तुतीचं गाणं. त्याला वाजप नसतं, नुसता गळा. बाकीच्या बायका ध्रुपद धरतात, हुजूरांचं नाव आलं की दरूद, म्हणजे त्यांच्यासाठीची दुवा, म्हणतात. शेवटी सगळ्या उभ्या राहून सलाम म्हणतात. सलामला उभं राहिलं की मिलाद संपली. त्यानंतर कोणी बसत नाही, कोणी पढत नाही, फक्त शिरणी वाटतात.

त्या चौकीवर आमच्या गल्लीत वीसेक वर्षं माझ्या सासूबाई बसत. आम्ही त्यांना अम्मी म्हणायचो. महिना लागण्याआधीच घरोघरीचे दिवस त्यांच्याकडे येऊन ठरत. कुणाच्या घरी नवस असे, कुणाकडे मुलाचं काम झालेलं असे, कुणाची नुसती रीत. अम्मी दिवस देत आणि तो दिवस पाळत. घरात त्यांच्या मालकीचं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. ही चौकी होती.

मी लग्न होऊन आले त्याला सहा वर्षं झाली होती, पण मिलाद मी कधी बसून ऐकली नव्हती. आमच्या घरी असो की दुसऱ्याच्या, सून म्हणून शिरणीचा मलिदा करायचं काम माझ्याकडे. सलाम सुरू झाला हे मला शब्दांवरून नाही, बांगड्यांवरून कळायचं. तीस-चाळीस बायका एकदम उठल्या की जो आवाज होतो तो झाला, की मी परात उचलायची.

तर त्या रविवारी दोन मुठी तुरी जात्यात गेल्या असतील, अम्मींनी खुंटा सोडला आणि म्हणाल्या, "दुल्हन, मेरेकू बयाज नै दिखती."

बयाज म्हणजे त्यांची नातांची वही. त्यांच्या आईच्या हातची, उर्दूतली. मोतीबिंदू होता हे मला माहीत होतं, परभणीच्या डॉक्टरांना मीच दाखवून आणलं होतं. अजून पिकला नाही, पुढच्या वर्षी बघू, असं ते म्हणाले होते. पण अम्मींना कोण माणूस आलं हे कळायचं, तांदळातला खडा कळायचा, म्हणून बरंच दिसतं असं मी धरून चालले होते. तांदूळ त्या बोटांनी निवडत होत्या हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मागच्या वर्षी कसं पढलात?"

"पन्ने पलटाती थी. मूंज़बानी पढती थी. अब एक के पिच्छे दूसरी कौनसी, येइच याद नै आता."

"मग सांगून टाकू सगळ्यांना. नाही दिसत म्हणून."

"नक्को!" त्या इतक्या जोरात म्हणाल्या की वळचणीची चिमणी उडाली. "बोली तो पेशकारन कल चौकी पे बैठती."

पेशकारन म्हणजे समोरच्या बोळातल्या खाला. त्यांचे यजमान निजामाच्या वेळी तहसिलीत पेशकार होते. ते वारले, हुद्दा बाईंकडे राहिला. त्यांच्याकडे हैदराबादहून आणलेलं छापील मिलादचं पुस्तक होतं, चष्मा होता, आणि वीस वर्षं पहिल्या रांगेत बसून अम्मींची प्रत्येक ओळ ओठात म्हणायची खोड होती. त्यांच्या घरची मिलाद त्या वर्षी तेवीस तारखेला होती. आमच्या घरची एकवीसला, शुक्रवारी. तीच पहिली.

उर्दू मला वाचता येत नव्हतं. माझं माहेर वालूरचं. आमच्या गल्लीत मुसलमानांची मोजकी घरं, शाळा मराठी, मी तिथंच शिकले आणि पुढं मराठी शाळेतच नोकरीला लागले. कुराणाची अक्षरं ओळखत होते, पण तेवढ्यानं हाताची वळणदार उर्दू वाचता येत नाही. नवरा येलदरीच्या वीजघरात कामाला, आठवड्यातून एकदा घरी. शिवाय बायकांच्या मिलादीत त्याचा काय उपयोग?

"तुम्ही सांगा, मी लिहून घेते," मी म्हटलं. "शुक्रवारी तुमच्या मागं बसून ओळ सुचवते."

"किस में लिखेगी?"

"मराठीत."

अम्मी म्हणाल्या, "हुजूर की नात मरेठी में?"

"नात उर्दूतच. अक्षरं मराठी."

त्यांना ते पटलं नाही. मलाही थोडी धाकधूक होती, म्हणून सोमवारी शाळेत माझ्या शेजारच्या वर्गाच्या बाईंना विचारलं. त्या बौद्ध, येलदरीच्या वाटेवरच्या गावच्या, बोलायला रोखठोक. म्हणाल्या, "अवो बाई, त्यात काय हाय? आमची वंदना पालीत हाय. आमी ती कशात शिकलो? ह्याच अक्षरात. माझ्या आईला तर कोणतंच अक्षर येत न्हाई, तरी ती माझ्या चुका काढायलीय. लिहा तुमी. अक्षराला काय जात आस्ती का?"

घरी येऊन मी हे अम्मींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "किताब सीधे हाथ से खुलनी होना. अपनी किताब जैसी."

म्हणजे उजवीकडून. वही शेवटच्या पानापासून लिहायची. मी हो म्हटलं आणि नेहमीसारखी पहिल्या पानापासून लिहिली. पहिल्या पानावर तारीख आधीच पडली होती, आणि चार दिवसांत सगळं उतरवायचं तर उलटसुलट पानांचा घोळ मला नको होता. ज्यांना दिसत नाही त्यांना कुठून काय कळणार, असा माझा हिशोब. हा हिशोब पुढं मला चांगलाच भोवला, पण तेव्हा मी खुशीत होते.

सांगणं सुरू झालं तेव्हा एक गंमत कळली. अम्मींना नुसतं बसवून सांगा म्हटलं की दोन ओळींवर गाडी अडे. जातं फिरायला लागलं की ओळीमागून ओळ येई. लहानपणी आईसमोर दळताना त्या हे शिकल्या होत्या, त्यामुळं नात त्यांच्या डोक्यात नव्हती, दंडात होती. शाळा सकाळची झाली होती, मी बाराला घरी येई. जेवण झालं की त्या भरडायला बसत आणि मी समोर वही घेऊन. तुरी संपल्या तेव्हा मी शेजारणीकडून हरभरे मागून आणले, भरडून देते म्हणून. शेजारीण म्हणाली, "मास्टरनी, तुमकू आज हुआ क्या?" मी म्हटलं, काही नाही, व्यायाम.

त्या चार दिवसांत मी पहिल्यांदा नात नीट ऐकली. मला वाटत आलं होतं की सगळं नूर, चांद, तारे असणार. तसं होतंच. पण बायकांच्या नातांमध्ये घरच जास्त होतं. हुजूर स्वतःची चप्पल स्वतः शिवत, शेळीचं दूध स्वतः काढत, घरात झाडायला लागत, हे अम्मी फार चवीनं म्हणत. जन्माआधी वडील गेलेले, सहाव्या वर्षी आई गेलेली, हे आलं की जातं हळू होई. दोन ओळी त्यांच्या आईनं स्वतः रचलेल्या होत्या. त्या मला आजही पाठ आहेत:

मदीने की गल्ली में झाड़ू मिले तो
उमरभर वो आंगन बुहारूंगी मैं तो

मी रोज झाडते, मला झाडण्याचं कौतुक नाही. पण मागणं पटलं. जन्नत मागितली नाही, महाल मागितला नाही. काम मागितलं.

गुरुवारी शेवटचा सलाम उतरवला. वहीच्या अगदी शेवटच्या पानावर तो जेमतेम मावला. मी वर कशालाच नावं घातली नव्हती. अम्मी म्हणाल्या, सगळ्यांना ठाऊक असतं, नाव कशाला? त्यांनी हिरव्या खणाची खोळ शिवून वहीला घातली. बोटांनी शिवली, तरी टाके सरळ होते. खोळीमुळं मागचे छापील पाढे झाकले गेले आणि वही दोन्हीकडून सारखी दिसू लागली.

शुक्रवारी दुपारी घर भरलं. मलिद्याचं काम मी शेजारणीवर सोपवलं होतं. तिला एवढंच सांगितलं, बायका उठल्या की परात आण. अम्मी न्हाऊन, पांढरी ओढणी घेऊन चौकीवर बसल्या. मी त्यांच्या उजव्या खांद्यामागं, ओढणी सावरायला बसल्यासारखी. पेशकारन खाला पहिल्या रांगेत, चष्मा पुसून घातलेला. ठरलं होतं असं: वही अम्मींच्या मांडीवर, पानं त्या उलटणार, मी समोरच्या पानावरची पहिली ओळ हळूच सांगणार, पुढचं त्या धरणार. सुरुवातीची हकीकत त्यांना पाठच होती. ती त्यांनी खणखणीत आवाजात सांगितली. बायकांनी दरूद म्हटलं. अम्मींनी वही उघडली.

उजव्या हातानं. आयुष्यभर उघडली तशी.

माझ्यासमोर पान आलं. वर्गात पुस्तक उघडलं की समोर येईल ते वाचायची मला सवय. मी वाचलं. कानात पहिली ओळ पडली मात्र, अम्मींचा गळा लागला आणि त्या ओळीबरोबरच त्या चौकीवरून उठल्या. वीस वर्षं त्या ओळीला त्या उठतच आल्या होत्या. त्या उठल्या म्हणून पहिली रांग उठली, पहिली उठली म्हणून मागची. चाळीस बायकांच्या बांगड्या वाजल्या आणि तेव्हा कुठं मला कळलं की मी काय वाचलं.

सलाम मधे थांबवत नाहीत. पूर्ण झाला. पूर्ण होताच आतून शेजारीण मलिद्याची परात घेऊन हजर. तिची काही चूक नव्हती.

पेशकारन खाला म्हणाल्या, "अगे बीबी, हुजूर पैदा बी नै हुए और मिलाद खतम?"

कुणीतरी फिस्कन हसलं. अम्मींनी मान जराही खाली घातली नाही. म्हणाल्या, "घर में आए तो सलाम पैले करते क्या बाद में? जाते वक्त फिर करना. बैठो सब."

बायका बसू लागल्या. उठाबशीची तक्रार करत, पण बसल्या. मला वाटलं, निभावलं. पण अम्मी उठताना वही मांडीवरून चादरीवर पडली होती, ती खालांनी उचलली. चष्मा वर केला, खाली केला. एक पान, दुसरं पान.

"ये तो मरेठी है," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तुमकू मरेठी कब से पढने आ री?"

आता काय करणार? मी तोंड उघडणार होते. मी लिहिली, चूक माझी, असं. पण अम्मींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आंखां गए बाद मरेठी क्या और उर्दू क्या," त्या म्हणाल्या. "दोनों एकीच."

 जे त्यांनी लपवायचं ठरवलं होतं, ते असं एका वाक्यात बाहेर आलं. मग मागच्या रांगेतून एक म्हातारी बाई म्हणाली, "तो पैले बोलना था ना बहन! हमना समजे, तुमना मगरूर हो गए करके. रस्ते में मिले तो पैचान नै देते थे." आणि हशा उसळला. अम्मीही हसल्या. पेशकारन खाला तेवढ्या हसल्या नाहीत. वही त्यांनी माझ्या हातात दिली.

"दुल्हन, सामने आ," अम्मी म्हणाल्या. "अब चोरी कायकी?"

मी समोर बसले. पहिलं पान काढलं, तारखेचं. लाजायचं कारण मला दिसत नव्हतं. मुलाचं गणित फळ्यावर चुकलं तर मी त्याला पुसायला सांगते आणि पुन्हा मांडायला लावते, रडू देत नाही. मी पहिली ओळ मोठ्यानं वाचली, शाळेत कविता वाचते तशी, स्पष्ट. अम्मींनी ती उचलली आणि चढवली. बायकांनी ध्रुपद धरलं. दुसरी ओळ मी, चढवणं त्यांचं. दोन नाता झाल्या आणि माझ्या लक्षात आलं की कुजबुजण्यापेक्षा हे बरं चाललंय. ज्या बायकांना शब्द कधी नीट कळले नव्हते त्या आधी माझ्याकडून ऐकत होत्या, मग अम्मींबरोबर म्हणत होत्या. झाडूची नात आली तेव्हा एकीनं पुन्हा म्हणायला लावली.

शेवटी दुसऱ्यांदा सलाम. म्हाताऱ्या गुडघ्यांना हात लावत उठल्या. "एक मिलाद में दो मिलाद का सवाब," कुणीतरी पुण्याचा हिशोब केला. "और मलिदा एकीच," दुसरीनं पुरवलं.

पेशकारन खालांनी मलिद्याची पुडी घेतली, दाराशी चपला शोधल्या आणि काही न बोलता गेल्या.

संध्याकाळी अम्मी खूश असतील असं मला वाटलं होतं. त्या नव्हत्या. मलिद्याला हात लावला नाही. म्हणाल्या, "परसों उसके घर की गई समज. और उसकी गई तो बाकी घरां बी जाते. सब उसका मूं देखते. उसके पास छापे की किताब है, आंखां हैं. मैं किस पे बैठूं?"

"त्यांनी नाही म्हटलंय का?"

"बोलती नै. बुलाती नै, बस."

माणूस बोललं नाही की मनात काय आहे ते ओळखत बसायचं, हा या गल्लीचा उद्योग. मला तो जमत नाही. आठवडाभर मी लपवालपवीत सामील झाले होते आणि त्याचं फळ सगळ्यांसमोर मिळालं होतं. तेवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शाळा साडेसातला. मी अर्धा तास आधी निघाले आणि वही पिशवीत घालून समोरच्या बोळात गेले. पेशकारन खाला अंगणात शेणसडा घालत होत्या. मी सलाम केला आणि सरळ विचारलं, "खाला, उद्या तुमच्याकडं कोण पढणार? तुम्ही की अम्मी?"

त्यांनी बादली खाली ठेवली. असं विचारायची पद्धत नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"अम्मीने भेजे तेरेकू?"

"नाही. त्या झोपल्यात. मी माझी आले."

"तेरी सास पढेगी," त्या म्हणाल्या. "और कौन पढेगा? मैं पढी तो कौन सुनेगा? मेरा गला देखी क्या तू?" मग बोट वर करून, "मगर पूरा पढना होना. कल तीसरी नात में दो शेर खाली गए. मैं गिन री थी. वो तो भूल गई. तू बी नै पूछी."

"मला माहीतच नव्हते."

"वोइच तो! चालीस औरतां के सामने अधूरी नात." त्यांचा राग खरा होता, आणि काल त्या हसल्या का नाहीत ते मला आत्ता कळलं. "सलाम उल्टा हुआ, होने दे. शेर छोडना नै."

मी वही काढली, त्यांच्या ओसरीच्या पायरीवर बसले आणि तिसरी नात असलेलं पान उघडलं. "सांगा," मी म्हटलं. हात शेणाचा होता म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि दोन शेर सांगितले. पाठ. पुस्तकाला हात न लावता. मी ते समासात बारीक अक्षरात लिहिले, एकदा वाचून दाखवले, एक शब्द त्यांनी दुरुस्त केला, तो खोडून पुन्हा लिहिला. मग परत घरी जाऊन अम्मींना उठवलं, उद्याची मिलाद तुमचीच आहे एवढं सांगितलं आणि शाळेत गेले. प्रार्थना सुरू झाली होती.